सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हकीकत

कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम संस्थापकांची नामावली, मग उद्‌घाटनाचा समारंभ आणि त्यानंतर इमारतींची व मालमत्तेची वाढ असा क्रम रूढीने ठरून गेलेला असतो. परंतु सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हकीकत त्या क्रमाने सांगू गेल्यास पहिल्याच पानावर अडचण उभी राहते, कारण जानेवारी २०१० मध्ये शासनाने सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील ११६५.५७ चौरस किलोमीटरांचा मुलूख ज्या प्राण्याच्या नावे जाहीर केला, त्या प्राण्याचे एकही छायाचित्र पुढील आठ वर्षांत या दफ्तराच्या हाती लागले नाही. मेळघाट, ताडोबा-अंधारी आणि पेंच या विदर्भातील तीन प्रकल्पांनंतरचा महाराष्ट्रातील हा चौथा व्याघ्र प्रकल्प. पहिल्या तिघांकडे वाघ होते आणि त्यांच्या रक्षणासाठी तेथे संस्था निर्माण झाल्या. येथे संस्था आधी निर्माण झाली आणि ती वाघाची वाट पाहत बसली. या विपरीत क्रमाची थट्टा करणारे त्या काळी पुष्कळ होते. परंतु हा क्रम विपरीत असला तरी अविचाराचा नव्हता, आणि तसा तो का नव्हता हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

महाबळेश्वरी उगम पावून कोयना नदी सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते; तिच्या वळणाच्या दक्षिणेस पाथरपुंजच्या पठारावर वारणा उगम पावते आणि सांगली व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची हद्द आखीत हरिपूरला कृष्णेत विलीन होते. या दोन नद्यांची वरची खोरी म्हणजेच आजचा प्रकल्प होय. पश्चिमेस कोकणात कोसळणारे कडे, पूर्वेस उतरत जाणाऱ्या डोंगरसोंडा, मध्ये अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांची दाट राई, आणि माथ्यावर जेथे माती टिकत नाही तेथे जांभ्या दगडाचे उघडे सडे. पावसाळ्यात नवजा आणि पाथरपुंज या गावांचे पर्जन्यमान पाच हजार मिलिमीटरांच्या वर जाते, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका त्याच दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो.

हा मुलूख वाघाला पूर्वापार परिचित होता यात शंका नाही. कोयनेच्या खोऱ्यातील वासोटा किल्ल्यास शिवकालात व्याघ्रगड असे नाव देण्यात आले, आणि पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीने बापू गोखल्यांशी झुंज दिली ती याच गडाच्या आश्रयाने. इंग्रजी अंमल आल्यावर मात्र वाघाचे दिवस फिरले. एकीकडे १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि दुसरीकडे त्याच सरकारच्या तिजोरीतून वाघ मारणाऱ्यास रोख इनाम मिळू लागले. एकच सरकार वृक्ष राखीत होते आणि वृक्षाखालील धन्यास मारीत होते, व या दोहोंत काही विसंगती आहे असे त्या काळी कोणास वाटत नव्हते. संस्थानिकांच्या शिकारीचा शौक निराळाच. कोल्हापूर दरबारी पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार खेळण्याची प्रथा होती, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेहून मागविण्यात आले. देशातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. ज्या प्राण्याला शेजारच्या संस्थानात माणसाच्या हातचे मांस खाताना लोकांनी पाहिले होते, तो एका पिढीत कथेचा विषय झाला, ही गोष्ट पुढे वाघाविषयी विचार करणाऱ्यांच्या मनात घर करून राहिली असल्यास नवल नाही. मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा १९५१ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९७२ मध्ये आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पण या कायद्यांचा सह्याद्रीच्या माथ्यावर प्रत्यक्ष अंमल बसण्यास आणखी काळ जावयाचा होता.

दरम्यान या दोन्ही खोऱ्यांत धरणे झाली. कोयनेचे धरण १९६० च्या दशकात पुरे झाले आणि त्याच्या मागे तापोळ्यापर्यंत पसरलेला शिवसागर उभा राहिला. वारणेवर चांदोलीला वसंतसागर झाला. पाणी चढू लागले तशी नदीकाठची गावे उठली, कोणी रायगड-ठाण्याकडे गेले, कोणी सांगली-सोलापूरकडे. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि उरल्यासुरल्या वस्तीचाही धीर सुटला. राहिलेल्या रहिवाशांची बाजारपेठेची वाट पाण्याखाली गेली होती. अभयारण्यांची कल्पना मूळ धरू शकली ती या मोकळ्या झालेल्या खोऱ्यांत, हे आपल्या संस्थेच्या इतिहासात स्वच्छ शब्दांत नमूद केले पाहिजे. येथील अरण्याचे श्रेय जितके वनाधिकाऱ्यांना आहे, तितकेच ते घरावरची कौले उतरवून बैलगाडीत भरणाऱ्या शेतकऱ्यांना आहे, फरक इतकाच की त्यांना कोणी विचारले नव्हते.

१९८५ हे साल या प्रांताच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या एका वर्षात कोयना, चांदोली आणि सागरेश्वर ही तिन्ही अभयारण्ये जाहीर झाली. कोयनेचे क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. चांदोलीला पुढे २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. सागरेश्वर अवघे १०.८७ चौरस किलोमीटरांचे, प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचे, आणि तरीही त्याची कथा येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. त्याच्या शेजारी, कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवर, सागरेश्वराच्या प्राचीन देवालयसमूहामागे उघड्याबोडक्या टेकड्यांची एक रांग होती. पाऊस बेताचा, बारमाही पाणी नाही, गुरचराईने गवताची मुळेसुद्धा उरलेली नाहीत, अशा त्या माळावर मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांनी वनखात्याला व गावकऱ्यांना हाताशी धरून झाडे लावण्याचा ध्यास घेतला. जंगल आहे म्हणून ते राखावयाचे, हा सर्वत्रचा शिरस्ता. येथे मात्र जंगल प्रथम लावले, मग त्यात चितळ, सांबर आणि काळवीट आणून सोडले, आणि मग त्याला अभयारण्य म्हटले. ज्यांना मोहिते ‘अण्णा’ या नावाने ठाऊक होते, ते लोक त्यांच्या हट्टाच्या गोष्टी अजून सांगतात. अरण्य मनुष्याने निर्माण करता येते की नाही याविषयी पंडितांत मतभेद असू शकतील. पण कोरड्या माळावर हरणांची प्रजा इतकी वाढली की ती कुंपणातून निसटून आजूबाजूच्या शेतांत घुसू लागली आणि शेतकऱ्यांच्या फिर्यादी येऊ लागल्या, हा पुरावा माझ्यासारख्या सामान्य माणसाला पुरेसा वाटतो. याच सागरेश्वरातून पुढे चितळ पकडून चांदोलीस नेण्यात आले, वाघाचे भक्ष्य वाढावे म्हणून. अण्णांनी लावलेल्या माळावर वाढलेले हरीण सह्याद्रीच्या वाघाच्या ताटात जावे, हा योग त्यांच्या कल्पनेत होता की नाही कोण जाणे.

(या चितळांविषयी एक शंका मात्र मनात राहते. चितळ हा पानगळीच्या मोकळ्या रानाचा प्राणी. घाटमाथ्यावरच्या सदाहरित राईत आणि मुसळधार पावसात रमणारा तो नव्हे. येथील खरे भक्ष्य सांबर, गवा, भेकर आणि रानडुक्कर. तेव्हा चितळांवर फार भिस्त न ठेवता सांबर वाढेल अशा गवताची आणि पाण्याची तजवीज करणे अधिक शहाणपणाचे, असे माझे नम्र मत आहे.)

चांदोली व कोयना जोडून व्याघ्र प्रकल्प करावा हा प्रस्ताव पुढे आला तेव्हा विरोध दोन बाजूंनी झाला. वाघच नाही तर प्रकल्प कशाला, हा एक. आणि प्रकल्प झाल्यास आमच्या वहिवाटीचे काय, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य होते, पहिल्यात नव्हते. वाघ ही काही एका डोंगराची मिरास नव्हे. सह्याद्रीच्या धारेने दक्षिणेकडे निघाले तर राधानगरी, आंबोली, तिळारी असे करीत गोव्यातून थेट कर्नाटकातील काळी नदीच्या खोऱ्यात जाता येते, आणि त्या खोऱ्यात वाघ नांदत होते. वाढत्या वयाचा नर आईचे क्षेत्र सोडून नव्या मुलखाच्या शोधात शेकडो किलोमीटर चालत जातो. त्याच्या वाटेच्या उत्तर टोकाला सुरक्षित जागा नसेल, तर तो येईल आणि कोणाच्या फासात सापडून नाहीसा होईल, आणि आला होता याचीही दाद लागणार नाही. येथे प्रकल्प म्हणजे त्या टोकाशी बांधून ठेवलेली धर्मशाळा होती. शासनाने हे मानले आणि ६००.१२ चौरस किलोमीटरांचे गाभा क्षेत्र व ५६५.४५ चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र मिळून प्रकल्प जाहीर झाला. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार होती.

पुढील आठ वर्षे ही या संस्थेची खरी तपश्चर्येची वर्षे होत, आणि तपश्चर्येत सांगण्याजोगे प्रसंग फार नसतात. उठून गेलेल्या गावांच्या शेतजमिनीवर गवत माजले होते, त्यात रान शिरून ते झाकोळून जाऊ नये म्हणून खटपट करावयाची, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढावयाच्या, पाणवठे उपसावयाचे, शिकाऱ्यांचे फास शोधावयाचे, आणि पावसाळ्यात जळवांनी पायमोजे भरून गेले तरी गस्त चुकवावयाची नाही. वनरक्षकाची ती रोजची गस्त वाचकांच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून कॅमेऱ्याच्या एका जोडीविषयी लिहितो. जनावरांची पायवाट जेथे अरुंद होते तेथे वाटेच्या दोन्ही अंगांच्या झाडांना, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, दोन कॅमेरे समोरासमोर परंतु किंचित तिरपे बांधतात. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, आणि एकाच बाजूचे चित्र मिळाले तर तोच वाघ की दुसरा याचा निर्णय होत नाही. समोरून उष्ण देह हलला की कॅमेरा उघडतो. तो गव्यासाठी उघडतो, साळिंदरासाठी उघडतो, गावच्या चुकार म्हशीसाठी उघडतो. वनरक्षक येऊन भिंगावरची धूळ पुसतो, पट्ट्यावर चढलेल्या मुंग्या झटकतो, आतील कार्ड बदलतो, स्वतः चार पायांवर वाटेतून चालून कॅमेरा उघडतो की नाही ते पाहतो आणि पुढच्या झाडाकडे निघतो. त्या कार्डांवर बिबटे, अस्वले, रानकुत्र्यांचे कळप आणि मान वर करून दिव्याकडे पाहणारी सांबरे होती. हे सर्व असणे म्हणजेच वाघाची जागा तयार असणे होय, हे त्या वेळी जाणकारांखेरीज कोणास पटत नव्हते.

मे २०१८ मध्ये चांदोलीच्या एका कॅमेऱ्यात वाघ आला. नंतर पुन्हा शांतता. डिसेंबर २०२३ मध्ये एक नर टिपला गेला आणि पट्टे ताडून पाहता तो पूर्वी राधानगरीत दिसलेलाच निघाला. म्हणजे धारेने वाघ चालत येतो हे प्रकल्पाच्या जन्मकाळचे गृहीतक पट्ट्यापट्ट्याने सिद्ध झाले. पुढे आणखी दोन नर आले. या तिघांना सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावे मिळाली. सरकारी दफ्तरात अंक पुरेसा असतो, पण मावळ्यांच्या मुलखात अंकाने कोणाचे समाधान होत नाही.

तीन नर, आणि मादी एकही नाही. यात योगायोग काही नव्हता. वाघिणीची तरुण मुलगी शक्यतो आईच्या शेजारीच आपले क्षेत्र आखते. ती नराप्रमाणे दूर जात नाही, आणि वाट जितकी रस्त्यांनी, खाणींनी व वस्त्यांनी तुटलेली, तितकी तिची येण्याची आशा कमी. नुसती वाट पाहत राहिल्यास सेनापती म्हातारा होईल आणि प्रश्न तेथेच राहील, हे उघड होते. म्हणून ताडोबा-अंधारी आणि पेंच येथील वाघांपैकी तीन नर व पाच माद्या सह्याद्रीस आणण्यास केंद्र शासनाने मंजुरी दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक तरुण वाघीण चांदोलीत दाखल झाली. तिकडे ती चंदा, इकडे ती तारा. तिला आल्याबरोबर मोकळे सोडले नाही. कुंपणाच्या प्रशस्त आवारात ठेवून प्रथम तिला येथील हवेची, उताराची आणि भक्ष्याची ओळख होऊ दिली, कारण ताडोबाच्या सपाट बांबूवनात वाढलेल्या जनावरास घाटमाथ्याचे चढउतार सर्वस्वी नवे. या प्रयोगाचे यशापयश ठरावयास कित्येक वर्षे जावी लागतील. आज वृत्तपत्रांतून विजयाचे नगारे वाजत आहेत ते थोडे घाईचे वाटतात. वाघिणीला पिल्ले झाली, ती वाढली आणि त्यांनी याच डोंगरात घर केले, असे तीन टप्पे अजून पुढे आहेत.

वाघाच्या नावाने स्थापिलेल्या या संस्थेच्या छत्राखाली जे इतर जीव सुरक्षित झाले, त्यांची गणती कोणी फारशी करीत नाही. कोयनेकाठच्या हुंबरळी गावच्या परिसरातून १९६३ साली शास्त्रज्ञांनी एका चिमुकल्या भेकाचे प्रथम वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातच कोयना आहे, आणि आज त्याची गणना जगातील संकटग्रस्त प्राण्यांत होते. त्याच हुंबरळीतून २००४ साली देवगांडुळाची एक नवी जात उजेडात आली. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर प्राणी पाहून गावकरी त्याला सापाचे पिल्लू समजून ठेचतात. पलीकडे कासच्या सड्यावरील डबक्यांत वायतुऱ्याची जी जात फुलते, तिचे शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलेले आहे. वाघ निदान एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. या भेकाचे आणि या वायतुऱ्याचे सर्व जग म्हणजे काही सडे. त्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, बॉक्साइटसाठी दगड उकरला गेला, तर त्यांनी कोठे जावे? चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांचा वाद याच कारणाने इतकी वर्षे गाजला.

लोकांशी या खात्याचे संबंध कसे राहिले, हा प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वश्रुत आहे. जिवंत नाग पकडून त्यांची पूजा करण्याची तेथील पिढीजात प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद पडली, तेव्हा ज्या गावाने नागास मारणे सोडाच, पण दुखविणेही पाप मानले, त्याच गावाला कायद्याच्या नजरेत अपराधी ठरल्यासारखे वाटले, आणि ती सल अजून गेलेली नाही. याउलट कऱ्हाड, पाटण, शिराळा या भागांतील उसाच्या फडांत जे घडते ते दोन्ही बाजूंना शोभा देणारे आहे. बिबट्याची मादी उसातच विते; कोयता चालू होतो आणि ऊसतोड मजुराच्या पायापाशी डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात. पूर्वी अशा वेळी जमाव जमे आणि काय होई ते न लिहिलेले बरे. आता फोन जातो, तोड थांबते, वनखात्याचे लोक येऊन पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी त्याच सरीत, त्याच जागी, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून दूर होतात. रात्री मादी येते, हुंगते, क्रेटच्या कडेवरून मान आत घालून एकेक पिल्लू उचलून नेते. शेतमालकाने एक दिवसाची तोड सोडलेली असते, आणि त्याबद्दल त्याने मोबदला मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुनर्वसनाचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. कोयना धरणाचे आणि चांदोली अभयारण्याचे विस्थापित, डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली, दोन दोन पिढ्या जमिनीसाठी धरणे धरीत आले आहेत. ज्यांना जमीन मिळाली त्यांना पाणी मिळाले नाही, आणि काहींना मिळालेली जमीन सातबाऱ्यावर भलत्याच्याच नावे निघाली. मळे, कोळणे आणि पाथरपुंज येथील लोक तर वर्षानुवर्षे ‘उठावयाचे’ म्हणून घरांची दुरुस्तीही करीत नव्हते. या स्मरणिकेत अधिकाऱ्यांची छायाचित्रे व कार्यकाळ यांचे परिशिष्ट असणार असे कळते. त्याच्याच जोडीस उठून गेलेल्या गावांची यादी, झोळंबी, रुंदीव, गोठणे, निवळे, ढाकाळे येथपासून आरंभ करून, प्रत्येक गावापुढे ते कोणत्या तालुक्यात जाऊन वसले आणि त्याचा किती जमिनीचा दावा प्रलंबित आहे या दोन रकान्यांसह छापावी, अशी संपादक मंडळास विनंती आहे. माहिती जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांच्या दफ्तरी उपलब्ध असावी.